किती तास, एवढाच प्रश्न नाही : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

गेल्या अंकात मुलांच्या मोबाइल-वापरावर लेख आला, त्यानंतर मुंबई आणि उपनगरांतून बरीच पत्रे आली. बहुतेकांनी एकच विचारले आहे : दिवसाला किती तास चालतील? वयाच्या पहिल्या काही वर्षांपुरते संशोधन या प्रश्नाला बऱ्यापैकी सरळ उत्तर देते. पुढे मात्र ते देत नाही, आणि का देत नाही हे समजून घेणे पालकांच्या अधिक उपयोगाचे आहे. निवडक पत्रे थोडक्यात, पत्रलेखकांची नावे न देता, खाली दिली आहेत.

प्रश्न : माझा नातू सव्वा वर्षाचा आहे. मुलगा आणि सून सकाळी आठच्या आत कामाला बाहेर पडतात, दिवसभर तो माझ्याजवळ असतो. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तो वरणभाताचा घास घेत नाही. बंद केला की घास तोंडात तसाच धरून बसतो. सून म्हणते, मोबाइल अजिबात दाखवू नका. संध्याकाळी दुबईहून त्याची आत्या व्हिडिओ कॉल करते, तोही बंद करायचा का? — दादर येथील एक आजी

उत्तर : आत्याचा कॉल बंद करू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, दोन वर्षांखालील मुलांना कोणताही स्क्रीन दाखवू नये असे सांगते, परंतु नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला तिने सूट दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ सालची मार्गदर्शक तत्त्वेही साधारण त्याच वळणाची आहेत : एक वर्षाच्या बाळालाही स्क्रीनसमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत दिवसाला एक तासाची मर्यादा ओलांडू नये, कमी असेल तर उत्तमच.

गाण्यांना नकार आणि कॉलला परवानगी, हा भेद मनमानी नाही. अमेरिकेत सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणाऱ्या व्यक्ती बारा बैठकांमध्ये खेळल्या, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. त्या बाळांना मँडरिनमधील जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटातील बाळांना त्याच व्यक्तींचे, तेच बोलणे चित्रफितीवर दाखवले. त्यांच्यात काहीही प्रगती दिसली नाही. समोरची व्यक्ती बाळाच्या नजरेकडे पाहते, ते ज्या वस्तूकडे वळेल त्या वस्तूविषयी बोलते, त्याच्या हुंकाराला उत्तर देते, आणि या देवाणघेवाणीतून बाळ शिकते असा त्याचा अर्थ लावला जातो. मोबाइलवरचे गाणे कोणाचीच वाट पाहत नाही. आत्या पाहते, म्हणून तिचा कॉल वेगळा.

जेवणाच्या बाबतीत अडचण अशी की गाणे चालू असताना घास पोटात जातो खरा, पण आपल्याला भूक आहे की पोट भरले आहे याकडे बाळाचे लक्षच राहत नाही. डॉक्टरांच्या तक्त्यात त्याचे वजन नीट वाढत असेल, तर काही दिवस वाटीतला भात अर्धा परत गेला तरी चालेल असे मनाशी धरा आणि त्याला स्वतःच्या बोटांनी चिवडू द्या. भात सांडेल, डोक्याला माखेल, बनियनवर पडेल. या वयात ते व्हायचेच. वजनाची चिंता असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या.

सुनेशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने या शिफारशी ठामपणे केल्या असल्या, तरी त्यामागील पुरावा अत्यंत कमी दर्जाचा आहे हेही तिने त्याच दस्तऐवजात नोंदवले आहे. ही मर्यादा सावधगिरीची आहे. तिच्या पलीकडे पाऊल पडले की विष, असा तिचा अर्थ नाही. दिवसभर एकट्याने बाळ सांभाळणाऱ्या आजीने कुकर उतरवेपर्यंत दहा मिनिटे गाणी लावली, तर त्यावरून घरात वाद होण्याचे कारण नाही.

प्रश्न : मोबाइलमुळे चष्मा लागतो हे खरे आहे का? मुलगा दुसरीत आहे. — अंधेरी येथील एक आई

उत्तर : जवळचे सतत पाहण्याचा काही वाटा असावा, पण सर्वांत भक्कम पुरावा दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी आणखी चाळीस मिनिटे उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टीचा, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा, दोष निर्माण झाला होता. नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांना दिवसाचा उजेड लागतो. त्यामुळे मोबाइल काढून घेऊन मुलाला घरातच बसवले, तर निम्मेच काम झाले. आपल्याकडे मैदान कुठे आहे हा प्रश्न मला मान्य आहे. गच्ची, सोसायटीचे आवार, शाळेतून चालत येणे, जे असेल ते धरावे. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने बातमी टाकली की समाजमाध्यमांमुळे मुलींमध्ये नैराश्य वाढते. दुसऱ्याने लगेच दुसरी टाकली की मोबाइलचा परिणाम बटाटे खाण्याइतकाच असतो. दोन्हींत ‘संशोधनातून सिद्ध’ असे लिहिले होते. मी अभियंता आहे, आकडे समजतात. पण विश्वास कशावर ठेवावा ते समजत नाही. — मुलुंड येथील एक पालक

उत्तर : बटाट्यांची बातमी खोटी नाही, ती अर्धी पोहोचली आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०१९ साली अमेरिका आणि ब्रिटनमधील तीन मोठ्या सर्वेक्षणांतील ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक आढळतो, त्यातील फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो, असे त्यांना दिसले. हा संबंध किती मोठा मानायचा हे कळावे म्हणून त्यांनी त्याच माहितीतील इतर गोष्टी शेजारी ठेवल्या. नियमित बटाटे खाण्याचा स्वास्थ्याशी दिसणारा संबंध जवळपास तेवढाच होता, आणि चष्मा वापरण्याचा त्याहून अधिक प्रतिकूल होता. बटाटे निरुपद्रवी, म्हणून मोबाइलही निरुपद्रवी, असे त्यांनी म्हटलेले नाही.

आपण अभियंता आहात म्हणून त्यांच्या पद्धतीविषयी दोन शब्द. एवढी मोठी माहिती हाताशी असली, की कोणता प्रश्न ‘स्वास्थ्य’ मानायचा, कोणता ‘वापर’ मानायचा, घरची आर्थिक स्थिती हिशेबात घ्यायची की नाही, असे निर्णय संशोधकाला पावलोपावली घ्यावे लागतात, आणि निर्णय बदलला की निष्कर्षही थोडा बदलतो. एकाच माहितीतून एकाला नैराश्य दिसते आणि दुसऱ्याला काहीच दिसत नाही, ते यामुळे. या दोघांनी एकच वाट न निवडता शक्य त्या हजारो वाटांनी आकडेमोड करून सगळे निष्कर्ष एकत्र मांडले. माझ्या मते त्या अभ्यासाचे मोल त्यातल्या बटाट्यांपेक्षा या पद्धतीत आहे.

दुसऱ्या बाजूला सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी आणि त्यांचे सहकारी आहेत. साधारण २०१२ नंतर अमेरिकेतील किशोरवयीनांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, नैराश्याची लक्षणे वाढत गेली आणि त्याच काळात स्मार्टफोन बहुतेक मुलांच्या हाती आला, याकडे त्या लक्ष वेधतात. टीव्ही, गेम आणि समाजमाध्यमे एकाच टोपलीत टाकली आणि मुलगे-मुली एकत्र मोजले, तर खरा परिणाम सरासरीत बुडून जातो, हा त्यांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यांच्यावर उलट आक्षेप असा, की दोन गोष्टी एका काळात घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. शिवाय मोबाइलमुळे मूल खिन्न होते की खिन्न मूल मोबाइलकडे वळते, हे एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून कळत नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि ‘सिद्ध’ हा शब्द या विषयात दिसला की बातमी पुढे पाठवण्याआधी थांबावे.

आपल्या मुलीच्या वयाच्या दृष्टीने महत्त्वाचा अभ्यास नंतरचा आहे. ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ब्रिटनमधील दहा ते एकवीस वर्षांच्या १७,४०९ जणांची अनेक वर्षांची माहिती पाहिली. समाजमाध्यमांचा वापर वाढल्यानंतर वर्षभराने आयुष्याविषयीचे समाधान कमी झालेले आढळते का, हा प्रश्न होता. ते सर्व वयांत सारखे आढळले नाही : मुलींमध्ये ते अकरा ते तेरा या वयात दिसले, मुलग्यांमध्ये चौदा-पंधराव्या वर्षी, आणि पुढे दोघांतही एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास. मुली वयात लवकर येतात, त्याच्याशी याचा मेळ बसतो. उलट दिशाही दिसली, म्हणजे समाधान कमी झालेली मुले पुढे समाजमाध्यमांकडे अधिक वळली. ही अर्थात ब्रिटिश मुले आहेत. आठवीपासून क्लास, दहावीचे दडपण आणि लोकलचा प्रवास असलेल्या मुंबईच्या मुलीला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

दोन्ही बाजूंचे संशोधक ज्यावर फारसे भांडत नाहीत, ती गोष्ट झोपेची आहे. वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सव्वा लाखाहून अधिक मुले होती. झोपण्याच्या वेळी मोबाइल किंवा तत्सम साधन वापरणाऱ्या मुलांमध्ये अपुऱ्या झोपेची शक्यता दुपटीहून अधिक आढळली, आणि साधन वापरले नाही, नुसते हाताशी होते, तरीही झोप बिघडलेली दिसली. परदेशी पुस्तके यावर ‘मोबाइल शयनकक्षाबाहेर ठेवा’ असे सांगून मोकळी होतात. ज्या घरात हॉलमध्येच रात्री गाद्या पडतात, तिथे ‘बाहेर’ म्हणजे कुठे? स्वयंपाकघरातील मिक्सरच्या प्लगपॉइंटवर सगळ्यांचे मोबाइल रात्री चार्जिंगला लावायचे, ही सोय बहुतेक घरांत जमते. ‘सगळ्यांचे’ यात आपलाही येतो.

मुलीचे तास मोजण्याऐवजी काही महिने एवढेच पाहा : ती पुरेशी झोपते का, शाळेतल्या मैत्रिणी टिकून आहेत का, आणि पूर्वी जे मनापासून करत होती, मग ते नृत्य असो की नुसते कॉमिक्स वाचणे, ते सुटले आहे का. सुटले असेल तर मोबाइल हे त्याचे कारण असेल किंवा लक्षणही असेल, म्हणून आधी विचारावे आणि मग काढून घेण्याचे ठरवावे. खिन्नता आठवडे टिकली, तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या वर्गात एक संशोधक ताई आल्या आणि मोबाइल-वापरावरचा पाठपोट छापलेला फॉर्म भरून घेतला. ‘रोज किती तास’ या रकान्यात मी अंदाजाने चार लिहिले. घरी येऊन सेटिंग्जमध्ये पाहिले तर सहाच्या वर आकडा होता. वर हजेरी क्रमांकही लिहायचा होता. माझ्या चुकीच्या उत्तराने संशोधन बिघडेल का? आणि मला नाही म्हणता आले असते का? — बोरिवली येथील एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझे पत्र या अंकातले सर्वांत मार्मिक आहे. तू जे घरी करून पाहिलेस, तेच दक्षिण आफ्रिकेतील डग्लस पॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले. लोक स्वतःच्या वापराचा जो अंदाज सांगतात आणि मोबाइलमध्ये जी नोंद असते, त्यांचा मेळ मध्यमच बसतो, आणि अंदाज अचूक असणे दुर्मीळ आहे, असे त्यांनी २०२१ साली दाखवून दिले. ‘मला मोबाइलचे व्यसन आहे का’ अशा प्रश्नावलींचा तर प्रत्यक्ष नोंदीशी संबंध त्याहूनही क्षीण निघाला. पालकांना घाबरवणाऱ्या आणि धीर देणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या बातम्या मोठ्या प्रमाणात अशाच अंदाजांवर उभ्या आहेत. तुझे एकटीचे ‘चार’ काही बिघडवत नाही. सगळ्या वर्गाचे ‘चार’ बिघडवतात.

तुझे ‘सहा’सुद्धा पुरेसे नाही. त्यात भौतिकशास्त्राचे व्याख्यान किती, मैत्रिणीशी गप्पा किती, आणि अंगठ्याने नुसते वर सरकवत राहणे किती? हल्ली काही संशोधक मुलांच्या संमतीने स्क्रीनची नोंद घेऊन किंवा दिवसातून अनेकदा छोटे प्रश्न पाठवून हे वेगळे करण्याचा प्रयत्न करतात. ते खर्चिक असते, म्हणून फॉर्म संपलेले नाहीत.

नाही म्हणता आले असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीवर संशोधन करताना पालकांची संमती लागते, आणि बारा ते अठरा वयोगटातील मुलांची स्वतःची लेखी मान्यताही घ्यावी लागते. ही तत्त्वे जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनाची आहेत, पण समाजशास्त्रीय अभ्यासातही तोच संकेत धरला जातो. मध्येच फॉर्म परत देण्याची मुभाही असते. हजेरी क्रमांक का हवा, तो कोण पाहणार आणि नंतर फॉर्मचे काय होणार, हे विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, अजूनही विचार. चांगली संशोधक या प्रश्नाने दुखावत नाही.

प्रश्न : मी गोवंडीत महापालिकेच्या शाळेत शिकवतो. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांसोबत कामावर जातो आणि रात्री घरी येतो. मग तो भावांच्या हातात आधी पडतो. तुमच्या लेखातील मुले आम्हाला परकी वाटतात. — एक शिक्षक

उत्तर : तक्रार रास्त आहे. या विषयावरचे बहुतांश संशोधन प्रत्येक मुलाकडे स्वतःचे साधन आणि स्वतःची खोली आहे, असे गृहीत धरूनच झाले आहे. आपल्याकडचे मोठे आकडे ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणातून मिळतात. ते करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेची सुरुवात मुंबईच्या वस्त्यांमधूनच झाली, परंतु सर्वेक्षण ग्रामीण भागाचे आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे. त्याच्या २०२३ सालच्या अहवालात चौदा ते अठरा वयोगटातील जे तरुण स्मार्टफोन वापरू शकतात, त्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी केवळ १९.८ टक्के मुलींकडे. पुढच्या वर्षीच्या अहवालात, फोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. ‘भावांच्या हातात आधी’ हे आपले निरीक्षण एका वर्गापुरते नाही.

एका फोनवर तिघे, या घरांचा एक प्रश्न परदेशी संशोधनात फारसा येत नाही. वडिलांच्या खात्यावर वडील जे पाहतात, त्याच धर्तीचे पुढचे व्हिडिओ रात्री त्याच खात्यावर मुलाच्या समोर येतात. मुलाने काहीही शोधलेले नसते. पालकसभेत वेळ मिळाला तर फोनमध्ये मुलांसाठी वेगळे खाते कसे उघडायचे आणि पाहिलेल्याची यादी कशी पुसायची, एवढे प्रत्यक्ष करून दाखवा. व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

वापरावर सरसकट बंदी घालावी का, असेही आपण पुढे विचारले आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सोनिया लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली २०१० साली युरोपातील २५ देशांमध्ये नऊ ते सोळा वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक मुलांना घरी जाऊन प्रश्न विचारण्यात आले. जी मुले इंटरनेट अधिक वापरतात त्यांच्या वाट्याला धोके अधिक येतात आणि संधीही अधिक येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. आणि धोका समोर आलेल्या प्रत्येक मुलाला इजा होतेच असे नाही, हेही. बंदीने धोका घटतो, पण त्याबरोबर सराव आणि कौशल्यही घटते. मुलींच्या हाती फोन आधीच कमी येतो. आपल्या वर्गात बंदीचा भार कोणावर पडेल ते उघड आहे.

सातवीतील मुलाला कोणी त्याचे छायाचित्र पसरवण्याची धमकी देत आहे, हे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे, पण ते सर्वांत तातडीचे आहे. संदेश पुसू नका, पैसे देऊ देऊ नका, आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर आजच कळवा. छायाचित्र लैंगिक स्वरूपाचे असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. त्या मुलाचा फोन शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, घरच्यांनाही तसे सांगा. फोन जाईल या भीतीनेच मुले अशा गोष्टी उशिरा सांगतात.

प्रश्न : ऑस्ट्रेलियासारखी बंदी आपल्याकडे येईल का? — चेंबूर येथील एक वाचक

उत्तर : सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. त्याचा मुलांवर काय परिणाम होतो, हे मोजायला काही वर्षे द्यावी लागतील. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात वेगळा मार्ग आहे : अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई.

तोवर घरी एक काम करता येईल. अनेक मुलांनी लवकर खाते उघडण्यासाठी जन्मसाल मागे ढकललेले असते. त्यामुळे कंपनीच्या लेखी ती प्रौढ ठरतात आणि अल्पवयीनांसाठीची संरक्षणे त्यांना लागू होत नाहीत. मुलाजवळ बसा, न रागावता ते साल पाहा. वय नियमापेक्षा कमी निघाले तर दुरुस्ती करताच खाते बंद होऊ शकते, म्हणून त्याला हवी असलेली छायाचित्रे आधी उतरवून घ्या.